मधुमेह आणि पायांची निगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न ओपीडीत, फोनवर आणि बऱ्याचदा दाराशी उभं राहून “जाता जाता एक विचारू का?” म्हणत आलेले आहेत. उत्तरं टाइप २ मधुमेह असलेल्या, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना समोर ठेवून लिहिली आहेत. तुमचा पाय पाहिलेल्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

माझे पाय अजिबात दुखत नाहीत. मग तपासायचे कशाला?

दुखत नाहीत म्हणूनच. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की शरीरातल्या सगळ्यात लांब नसा आधी बिघडतात, आणि त्या पायाच्या बोटांपर्यंत जातात. स्पर्श, टोचणी, चटका यांची जाणीव हळूहळू कमी होते. इतकी हळू, की घरच्यांच्या आणि खुद्द त्या माणसाच्याही लक्षात येत नाही. सोबत आणखी दोन गोष्टी घडतात. पायाचे बारीक स्नायू अशक्त होऊन बोटं वाकडी होतात, त्यामुळे चालताना सगळा भार चवड्याच्या एक-दोन जागांवर पडायला लागतो. आणि घाम कमी झाल्याने कातडी कोरडी पडून टाचा फुटतात.

मग बुटात शिरलेला खडा दिवसभर तसाच राहतो. संध्याकाळी मोजा काढल्यावर त्यावर ओला डाग दिसतो, तेव्हा कळतं. चप्पल पायातून निसटून मागे राहिली आणि चार पावलं गेल्यावर दुसऱ्या कुणी तरी सांगितलं, असं झालं असेल तर ते वयावर ढकलू नका. ती बधिरपणाची अगदी ठरलेली खूण आहे.

मधुमेहामुळे पाय किंवा पायाचा भाग कापावा लागलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के जणांची सुरुवात पायावरच्या एका जखमेने झालेली असते. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत मध्ये पडायला वेळ होता.

किती दिवसांनी दाखवायचं?

टाइप २ मधुमेहाचं निदान झालं त्याच वेळी पहिल्यांदा. हा आजार निदानाच्या आधीच काही वर्षं अंगात असू शकतो. टाइप १ मध्ये निदानानंतर पाच वर्षांनी सुरुवात केली तरी चालते.

त्यापुढे पायाच्या धोक्यावर ठरतं. संवेदना आणि रक्तपुरवठा दोन्ही चांगले असतील तर वर्षातून एकदा. दोन्हींपैकी एकात उणीव असेल तर सहा महिने ते वर्षाने. दोन्ही बिघडलेले असतील, किंवा त्यांपैकी एकासोबत पायाचा आकार बदललेला असेल, तर तीन ते सहा महिन्यांनी. संवेदना किंवा रक्तपुरवठा कमी आहे आणि पूर्वी जखम होऊन गेली आहे, बोट काढलं आहे किंवा किडनी शेवटच्या टप्प्याला आहे, अशांनी दर एक ते तीन महिन्यांनी. साखर ‘कंट्रोलमध्ये’ असली तरी हे वेळापत्रक बदलत नाही. गेलेली संवेदना साखर खाली आल्यावर परत येतेच असं नाही.

तपासणीत नेमकं करतात काय?

चांगली तपासणी पंधरा-वीस मिनिटं घेते आणि तिच्यात दुखण्यासारखं काही नसतं. दोन्ही मोजे काढायला लावले नाहीत, तर ती पायाची तपासणी झालीच नाही असं समजा.

आधी नुसतं बघणं: तळवा, टाच आणि मुख्य म्हणजे बोटांच्या बेचक्या. चिखल्या झालेल्या बेचकीतली पांढरी, भिजल्यासारखी कातडी जंतूंना आत शिरायला दार उघडून देते.

मग मोनोफिलामेंट. हा नायलॉनचा जाडसर दोरा असतो, दाबल्यावर तो बरोबर १० ग्रॅम जोर पडला की वाकतो. आधी हातावर टेकवून दाखवतात, म्हणजे काय जाणवायला हवं ते कळतं. मग डोळे मिटायचे. अंगठ्याखाली, चवड्यावर अशा ठरावीक जागी दोरा टेकवून विचारतात, “लागलं का? कुठे?” इथे आपल्याकडची एक गंमत आहे. बरेच लोक डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून प्रत्येक वेळी “हो” म्हणतात. म्हणून आम्ही मध्येच दोरा न टेकवताही विचारतो. तेव्हाही “हो” आलं की पुन्हा पहिल्यापासून. घट्ट्यावर दोरा टेकवून काही कळत नाही, त्याच्या बाजूला टेकवावा लागतो.

त्यानंतर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप जाणवतो का ते बघतात. पायाच्या वरच्या बाजूची आणि आतल्या घोट्यामागची अशा दोन नाड्या हाताने चाचपतात. नाडी लागत नसेल किंवा शंका असेल तर डॉप्लरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राने) घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.९ च्या खाली असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत. मधुमेहात यात एक फसवाफसवी आहे: रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक होतात आणि आकडा खोटाच चांगला येतो. १.३ च्या वर गेला तर “वा, उत्तम” असं न म्हणता अंगठ्याचा दाब मोजायला हवा.

शेवटी चप्पल. जुनी, रोजची चप्पल घालूनच या. तळ कुठे झिजलाय, आत कुठे खड्डा पडलाय यावरून पायाचा भार कुठे पडतो ते दिसतं. तपासणीसाठी म्हणून नवे बूट घालून येणाऱ्यांमुळे आमचं काम अवघड होतं.

कॅम्पमध्ये मशीनवर तपासलं, आकडा २८ आला. हे वाईट आहे का?

ते यंत्र म्हणजे बायोथेसिओमीटर. कंप किती व्होल्टला जाणवला ते तो आकडा सांगतो. साधारण १५ पर्यंत ठीक, २५ च्या वर गेला तर जखम होण्याचा धोका जास्त. तेव्हा २८ दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण कॅम्पमधली ती चिठ्ठी फक्त नसांबद्दल बोलते. रक्तपुरवठा, कातडी, नखं, चप्पल यांबद्दल त्यात काही नसतं. ती घेऊन पूर्ण तपासणी करून घ्या. आणि उलट, आकडा १२ आला म्हणून चिखल्यांकडे काणाडोळा करू नका.

घरी काही करून बघता येईल का?

येईल, आणि त्याला काहीच लागत नाही. ही पद्धत इंग्लंडमधल्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये मांडली. ज्यांचे पाय तपासायचे त्यांनी झोपून डोळे मिटायचे. दुसऱ्याने तर्जनीचं टोक दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टोकाशी हलकेच, एक-दोन सेकंद लावायचं. दाबायचं नाही, चोळायचं नाही, टोचायचं तर मुळीच नाही. जाणवलं की “उजवा” किंवा “डावा” एवढंच म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर डॉक्टरांकडे जायचं.

रोजचं बघणं मात्र यापेक्षा महत्त्वाचं. रात्री झोपताना, उजेडात. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा मोबाइलने फोटो काढा. मधुमेहाने नजरही अधू झाली असेल तर हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. नातवंडं ते आनंदाने करतात आणि बारीकसं खरचटलेलंही त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

यासाठी कोणत्या डॉक्टरांकडे जायचं? पोडियाट्रिस्ट कुठे मिळतात?

पोडियाट्रिस्ट म्हणजे फक्त पायांच्या दुखण्यांवर उपचार करणारे तज्ज्ञ. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेत पोडियाट्री हा स्वतंत्र पदवीचा व्यवसाय आहे. आपल्याकडे असं शिक्षण फारच थोड्या ठिकाणी आहे. त्यामुळे हे काम वाटून घेतलेलं आहे: मधुमेहतज्ज्ञ, मधुमेही पायांच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेले जनरल किंवा प्लास्टिक सर्जन, रक्तवाहिन्यांचे सर्जन, ड्रेसिंगचं खास प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टर आणि चपला-बूट, कृत्रिम अवयव बनवणारे तंत्रज्ञ. महाराष्ट्रात या विषयाला आवाज मिळवून देणाऱ्यांमध्ये नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांचं नाव घ्यावं लागेल. डॉक्टर आणि नर्स यांच्या जोड्या तयार करून त्यांना पायांच्या काळजीचं शिक्षण देणाऱ्या ‘स्टेप बाय स्टेप’ या उपक्रमात त्यांचा मोठा वाटा होता.

पाटीवर ‘फूट क्लिनिक’ लिहायला कुणाला अडवता येत नाही. तेव्हा आत गेल्यावर तीन गोष्टी विचारा: मोनोफिलामेंट आणि डॉप्लर आहे का, हत्यारं ऑटोक्लेव्ह केलेल्या (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेल्या) बंद पाकिटातून काढतात का, आणि गरज पडली तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवतात का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर “आम्हीच सगळं करतो” असं आलं, तर मी तरी दुसरीकडे जाईन.

पार्लरमध्ये पेडिक्युअर केलं तर?

संवेदना आणि रक्तपुरवठा तपासून चांगला आहे असं कळलं असेल, तर नेलपेंटपुरतं चालेल. पाय बधिर असतील तर नको. टबातलं गरम पाणी, टाच घासायची खरखरीत पट्टी आणि एकामागून एक गिऱ्हाइकांना वापरलेली कात्री, यांतलं प्रत्येक एकेकटंही जखम व्हायला पुरेसं आहे.

कुरूप, घट्टे, भेगा यांवर घरगुती उपाय चालतात का?

इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण आम्ही पाहतो त्या टाळता आल्या असत्या अशा जखमांमध्ये या उपायांचा मोठा हात असतो.

बिबा. भेगांत आणि कुरूपावर बिब्याचं तेल लावायची आपल्याकडे जुनी रीत आहे. बिब्याने चांगल्या कातडीवरही फोड येतात. चटका कळत नसलेल्या पायावर तो खोलवर भाजतो आणि दोन दिवसांनी काळं पडलेलं दिसतं. रुईचा चीक त्याच माळेतला. मेडिकलमध्ये मिळणारी कॉर्न कॅपसुद्धा तीच गोष्ट आहे, फक्त पाकिटात घालून: तिच्यातलं सॅलिसिलिक अ‍ॅसिड कुरूपाबरोबर बाजूची निरोगी कातडीही खातं. आणि अंघोळीनंतर ब्लेडने घट्टा तासणारे लोक दर गल्लीत एक तरी आहेत.

घट्टा म्हणजे त्या जागी दाब जास्त पडतोय असं पाय सांगत असतो. त्याच्याखाली कातडी चिरडून आत रक्त किंवा पू साचलेला असू शकतो, वरून नुसता काळसर डाग दिसतो. तज्ज्ञ तो स्केलपेलने पापुद्रा-पापुद्रा करून उतरवतात. बधिर पायाला हे कळतही नाही, आणि नुसता घट्टा उतरवल्यानेही त्या जागेवरचा दाब बराच कमी होतो. पण चप्पल तीच राहिली तर काही आठवड्यांत घट्टा परत येतो.

भेगांसाठी युरिया असलेलं क्रीम रोज रात्री, किंवा साधं पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेलही चालेल. टाचेला आणि तळव्याला लावा, बोटांच्या बेचक्यांत नाही. तिथे ओल टिकते आणि चिखल्या होतात.

नखं घरी कापू का?

नीट दिसत असतील, हात पोचत असेल आणि नखं पातळ असतील तर कापा. सरळ कापा, कोपऱ्यात खोल शिरू नका. जाड, पिवळी, वाकडी नखं तज्ज्ञांकडे यंत्राने घासून घ्यावीत.

तळपायांची आग होते. गार पाण्यात ठेवू की शेक घेऊ?

दोन्ही नको. आग होणं, मुंग्या येणं, कापसावर चालल्यासारखं वाटणं ही नसा बिघडल्याचीच लक्षणं आहेत. रात्री जास्त जाणवतात. यावर गुण येणारी औषधं आहेत, त्यासाठी डॉक्टरांशी बोला. तुम्ही बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेत असाल तर बी-१२ ची पातळीही तपासायला सांगा. मेटफॉर्मिनने ती कमी होऊ शकते आणि तिच्या कमतरतेनेही असाच त्रास होतो.

गरम पाण्याच्या पिशवीने, विटेच्या शेकाने, शेकोटीने भाजलेले पाय दर हिवाळ्यात बघायला मिळतात. आग होत असलेल्या पायाला भाजलेलं कळत नाही हे लोकांना खरंच वाटत नाही. पण दोन्ही एकाच वेळी असू शकतं. पाय धुवायचं पाणी कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी तपासावं.

चपला कशा घ्याव्यात? ‘एमसीआर’ म्हणजे काय?

एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, दाबलं की दबणारं आणि परत वर येणारं मऊ रबर. त्याचा इतिहास सांगितल्याशिवाय राहवत नाही. डॉ. पॉल ब्रँड हे तमिळनाडूत जन्मलेले इंग्रज सर्जन वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये कुष्ठरुग्णांवर काम करत होते. कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने आपोआप झडतात असा तेव्हा सर्रास समज होता. ब्रँड यांनी दाखवलं की पायाच्या जखमांचं मूळ बधिरपणात आहे: दुखत नाही म्हणून माणूस त्याच जागेवर पुन्हापुन्हा भार देत राहतो. मऊ तळाच्या चपला, प्लास्टर घालून भार काढणं, रोज पाय बघणं ही शिस्त तिथल्या कामातून घडली आणि पुढे अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयातून मधुमेहाच्या पायांकडे गेली. आज जगभर मधुमेहींना सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टींची मुळं अशी आपल्या देशात आहेत.

घेताना बघायचं ते असं. मागे पट्टा हवा, म्हणजे चप्पल निसटणार नाही आणि बोटं आवळून चालावं लागणार नाही. अंगठ्याच्या बेचकीत घुसणारा पट्टा नको. कोल्हापुरी कितीही आवडत असली तरी बधिर पायाला ती नको, तिचा अंगठा आणि कडक तळ दोन्ही घासतात. पुढे बोटांना रुंदी आणि उंची हवी. वर मऊ आणि खाली टणक असा तळ हवा, म्हणजे काटा-खिळा आरपार येणार नाही. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच घाला आणि काढल्यावर पायावर लाल वण उठलाय का बघा. घालण्याआधी आत हात फिरवायची सवय लावा, खडा असो नाहीतर विंचू. आणि घरात अनवाणी फिरू नका, घरासाठी वेगळा जोड ठेवा.

पायाचा आकार बदललेला असेल तर तयार चप्पल पुरत नाही, मापाची बनवून घ्यावी लागते. मुंबईत हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या सरकारी ठिकाणी कृत्रिम अवयव आणि पायांच्या आधार-साधनांचा विभाग आहे, तिथे चौकशी करता येते.

जोडवी घातली तर चालतील का?

सैल असतील आणि रोज काढून खालची कातडी बघत असाल तर हो. बोट सुजलं की ती रुततात आणि रक्त अडतं. वर्षानुवर्षं न काढलेली जोडवी कापून काढावी लागतात. घरात कुणी हरकत घेतली तर डॉक्टरांचं नाव सांगा.

देवळात अनवाणी जावं लागतं. आणि आषाढी वारीचं काय?

देवळाच्या फरशीने तळवे भाजलेले रुग्ण मार्चपासून येऊ लागतात. दुपारी काळ्या दगडावर प्रदक्षिणा घातलेली असते, आणि फोड संध्याकाळी दिसतो. सकाळी लवकर जा आणि जाड मोजे घाला. मोज्यांना बहुतेक ठिकाणी कुणी अडवत नाही.

वारीबद्दल “जाऊ नका” म्हणणं सोपं आहे, पण कुणी ऐकत नाही आणि ऐकावं असंही मला वाटत नाही. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, जवळपास तीन आठवडे, त्यात पाऊस. आधी तपासणी करून घ्या. पायावर उघडी जखम असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर यंदा गाडीने जा, पांडुरंग समजून घेईल. नुसता बधिरपणा असेल तर डॉक्टरांना विचारूनच, आणि तेही थोडे टप्पे चालून. महिनाभर आधी रुळलेले बूट, अनवाणी एक पाऊलही नाही, मोज्यांचे तीन-चार जोड आणि भिजले की लगेच बदल. मुक्कामावर पोचल्यावर जेवणाआधी टॉर्च लावून पाय बघायचे. फोड आला तर सुईने फोडू नका, स्वच्छ पट्टी लावून वैद्यकीय तंबूत दाखवा. वाटेत सेवेकरी प्रेमाने पाय चेपून देतात, तेल लावतात, ते घ्या. पण गरम पाण्याचा शेक देऊ लागले तर मधुमेह असल्याचं आधी सांगा.

जखम झालीच तर पहिल्या दिवशी काय करायचं?

स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा, कोरडी स्वच्छ पट्टी बांधा आणि त्या पायावर चालणं थांबवा. हळद, राख, टूथपेस्ट, कांद्याचं पोटीस काही लावू नका. २४ तासांत दाखवा, “ड्रेसिंग करून बघू, आठवड्याने जाऊ” असं नको. पाय लाल होऊन लाली वर चढत असेल, दुर्गंधी येत असेल, बोट काळं पडलं असेल, ताप किंवा थंडी वाजत असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी रुग्णालयात.

जखम भरत नाही याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे रुग्ण तिच्यावरूनच चालत असतो. रोज ड्रेसिंग करायला रिक्षेतून उतरून, दोन जिने चढून येणारा माणूस तेवढ्यातच सकाळचं सगळं काम वाया घालवतो. म्हणून तळव्यावरच्या जखमेसाठी गुडघ्यापर्यंत, सहज काढता न येणारं प्लास्टर किंवा बूट घालतात. लोकांना ते आवडत नाही. “काढता येईल असं द्या ना,” म्हणतात. काढता येणारं दिलं की घरात ते काढलंच जातं.

पाय सुजलाय, गरम लागतो, पण जखम नाही आणि एक्स-रे चांगला आहे.

बधिर पायात असं झालं तर शार्को फूट नाही ना, हे आधी बघायला हवं. यात हाडं आणि सांधे आतून ढासळायला लागतात, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत ते दिसत नाही. दोन पायांच्या तापमानात दोन अंश सेल्सिअसहून जास्त फरक असणं ही खूण. अनेकदा युरिक अ‍ॅसिड किंवा मुरगळ समजून गोळ्या दिल्या जातात आणि माणूस चालत राहतो. मग तळव्याची कमान खाली बसते ती कायमची. लगेच प्लास्टर, काही महिने. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

डॉक्टर बोट काढायचं म्हणतात. दुसऱ्या कुणाला विचारू का?

एक गोष्ट जरूर विचारा: रक्तपुरवठा तपासला का? अडथळा असेल आणि अँजिओप्लास्टी किंवा बायपासने रक्त पोचवता आलं, तर कापायची जागा खाली आणता येते, कधी कधी कापावंही लागत नाही. रक्त न पोचणाऱ्या पायाचं बोट कापलं तर ती जखमही भरत नाही, आणि मग घोटा, मग गुडघा. मात्र पायात पू पसरतोय आणि अंगात विष चढतंय अशी वेळ असेल, तर दुसऱ्या मतासाठी शहरं पालथी घालू नका. तेव्हा तास मोजायचे असतात.

विडी-सिगारेट ओढत असाल, तंबाखू किंवा मिश्री लावत असाल, तर ती आजच बंद.

जखम भरली. आता सुटलो ना?

भरलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के जणांना वर्षभरात पुन्हा जखम होते. तुमचं नाव आता दर एक ते तीन महिन्यांच्या यादीत गेलं. विशेष चप्पल ‘बाहेर जाताना’ घालायची नसते, ती दिवसभराची आहे.

खर्च परवडत नाही.

जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांतल्या असंसर्गजन्य आजारांच्या ओपीडीत साखरेची तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात, तिथे पाय दाखवायचाय असं स्वतःहून सांगा. शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला गाठा. कोणता उपचार योजनेत बसतो आणि कागद कोणते लागतात ते तोच नेमकं सांगेल, आणि हे दाखल होण्याआधी विचारलेलं बरं.

वडील गावी एकटे असतात, मी पुण्यात. फोनवर विचारलं की “पाय बरा आहे” म्हणतात.

“बरा आहे” हे त्यांना जाणवतं ते झालं, पण जाणीवच कमी झालेली असू शकते. नेमकं विचारा: मोज्यावर किंवा चादरीवर डाग दिसला का, चप्पल एका पायाला घट्ट होतेय का, साखर उगाच वाढलीय का. काही कारण नसताना वाढलेली साखर कधी कधी पायातल्या पूची पहिली बातमी असते. दर रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवा. ते पायाचा वरून काढलेला फोटो पाठवतील, त्याचा उपयोग नाही. तळवा, टाचेची मागची कड आणि बोटं फाकवून बेचक्या, दोन्ही पायांच्या. शेजारच्या पोराला सांगितलं तर दोन मिनिटांत काढून देतो.